विद्वानांचं वजन



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी हयातभर गणित शिकवलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून गणितज्ञांच्या पोटाचा घेर काढायचा, हे पत्रिकेत वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. थोरांचं शरीर आपण एक तर चवीनं चघळतो, नाही तर सोवळ्यात गुंडाळून ठेवतो. मला वाटतं, त्या शरीरालाही इतिहास असतो. त्यात गरिबी असते, युद्ध असतं, स्वयंपाकघर असतं, आणि बघणाऱ्याची नजर तर असतेच असते. आज तो इतिहास थोडा उलगडून बघू.

केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना आरशाचं वावडं होतं. त्यांच्या खोल्यांत दाढीपुरतासुद्धा आरसा नसे. हॉटेलात उतरले की आधी तिथल्या आरशांवर टॉवेल टाकत. फोटो काढून घ्यायलाही नाखूश, त्यामुळे त्यांचे फोटो मोजकेच आहेत. त्यांचे मित्र, कादंबरीकार सी. पी. स्नो यांनी हे लिहून ठेवलं आहे. पण हार्डी दिसायला चांगले देखणे होते, हेही स्नोच सांगतात. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल त्यांच्या मनात काय सल होता, कोण जाणे.

अशा या माणसाला 1936 मध्ये एक फोटो मात्र अगदी हवा होता. रामानुजनांचा. रामानुजन जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती आणि हार्डींकडे त्यांची धड छबी नव्हती. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर त्याच सुमारास भारतात येणार होते. हार्डींनी त्यांच्यावर काम सोपवलं. चंद्रशेखर मद्रासला जानकीअम्माळ यांना भेटले. त्यांच्याकडे पतीचा 1919 सालचा पासपोर्ट होता, आणि त्यावर फोटो. हार्डींना तो पाहताच आजारपण दिसलं, आणि आपला रामानुजन तो हाच, हेही पटलं. 1940 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात तो छापला गेला. पुढे 1980 च्या दशकात पॉल ग्रॅनलंड या अमेरिकन शिल्पकारानं त्यावरूनच रामानुजनांचे ब्राँझचे अर्धपुतळे घडवले. रिचर्ड ॲस्की यांच्या पुढाकारानं जगभरच्या गणितज्ञांनी त्यासाठी पैसे घातले, आणि एक पुतळा मद्रासला खुद्द जानकीअम्माळ यांच्या घरी पोहोचला. नवऱ्याचा पुतळा उभारू असं आश्वासन त्यांना कधीकाळी मिळालं होतं आणि ते हवेत विरलं होतं. ते पाळलं परक्यांनी.

आपल्या मनातले रामानुजन म्हणजे बहुतेक करून हा फोटो. आणि हा फोटो एका रुग्णाचा आहे.

त्याच्या आठ-नऊ वर्षं आधी नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्या दारात एक तरुण काखेत जीर्ण वही घेऊन उभा राहिला होता. रावांनी पुढे त्याचं वर्णन केलं ते असं: बुटका, स्थूल, दाढी वाढलेली, फारसा स्वच्छ नाही, लक्षात राहावेत असे फक्त डोळे, चमकणारे. लहानपणीही रामानुजन गुटगुटीत होते. मग हा गुटगुटीत मुलगा पासपोर्टवरच्या फोटोपर्यंत कसा आला?

1914 मध्ये इंग्लंडला निघण्यापूर्वी त्यांची शेंडी उतरवली गेली, अंगावर कोट-पाटलोण चढली. केंब्रिजला एप्रिलमध्ये पोहोचले, आणि चार महिन्यांत महायुद्ध पेटलं. कडक शाकाहारी. ट्रिनिटीच्या भोजनगृहातलं चालत नसे, म्हणून खोलीतच स्वतः रांधायचं. घरून येणारं सामान युद्धामुळे बेभरवशाचं झालेलं, इंग्लंडातही टंचाई. गणितात बुडालेला माणूस चूल पेटवणार केव्हा आणि जेवणार केव्हा! थंडीचं तर विचारूच नका. प्रशांतचंद्र महालनोबिस तेव्हा किंग्ज कॉलेजात शिकत होते. ते एकदा भेटायला गेले तर रामानुजन शेकोटीला चिकटून बसलेले. रात्री ओव्हरकोट घालून झोपतो, म्हणाले. महालनोबिस आत जाऊन बघतात तो पलंगावर ब्लँकेटं नीट गादीखाली खोचून ठेवलेली. ती सोडवून आत शिरायचं असतं, हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

1917 च्या वसंतात ते आजारी पडले. एका आरोग्यधामातून दुसऱ्यात, असे हलत राहिले. निदान क्षयाचं. उघडी हवा आणि भरपूर खाणं हा तेव्हाचा क्षयावरचा उपाय. या माणसाला थंड हवा सोसवत नव्हती आणि तिथलं खाणं घशाखाली उतरत नव्हतं. नोव्हेंबर 1918 मध्ये हार्डी मद्रासला आनंदानं कळवतात, की तब्येत सुधारते आहे, वजन जवळजवळ एक स्टोन, म्हणजे आपल्या हिशेबानं सहा किलोच्या आसपास, वाढलं आहे. विसाव्या शतकातला एक मोठा गणितज्ञ दुसऱ्याबद्दल विद्यापीठाला पत्र लिहितो आणि त्यात महत्त्वाचा आकडा असतो तो वजनाचा. मला हे पत्र त्यांच्या कितीतरी सूत्रांइतकं मोलाचं वाटतं. 27 मार्च 1919 ला रामानुजन मुंबई बंदरात उतरले. 26 एप्रिल 1920 ला गेले, बत्तिसाव्या वर्षी. 1994 मध्ये डी. ए. बी. यंग या डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासून मत मांडलं, की तो क्षय नसावा, यकृतातला अमीबाचा आजार असावा, आणि त्यावर तेव्हाही उपचार होते.

हे सगळं बाजूला सारून आपण काय सांगतो? देवी स्वप्नात येई आणि सूत्रं सांगे, आणि अन्नपाण्याची शुद्ध नसलेला तो योगी देह झिजवून गेला. देह झिजला तो युद्धानं, थंडीनं, परक्या स्वयंपाकघरानं आणि कदाचित चुकलेल्या निदानानं. उपासमारीला तपश्चर्या म्हणण्याची आपल्याला फार वाईट खोड आहे. तशी आपल्याकडे दुसरी वाटही होती म्हणा: गणिताचे पदवीधर आणि काही काळ गणिताचे शिक्षकही असलेले लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीनं किरकोळ होते, आणि पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून तालमीत घातलं. चरित्रकारांनी त्याचं कौतुक केलं. पण ते राजकारणातल्या माणसाचं चरित्र. ज्ञानी माणसाच्या चित्रात आपल्याला फासळ्याच दिसायला हव्यात.

आता प्रिन्स्टनला येऊ. साल 1934, वसंत ऋतू. नवी कोरी ‘इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी’ अजून स्वतःच्या इमारतीत गेलेली नाही. विद्यापीठाच्या गणित विभागाच्या फाइन हॉलमध्ये पाहुणी म्हणून नांदते आहे. त्या महिन्यांत तिथे कोण कोण ये-जा करत होतं? आइनस्टाइन आणि हेर्मान वाइल. व्हिएन्नाहून आलेला किडकिडीत कुर्ट गोडेल, आपल्या अपूर्णतेच्या सिद्धांतावर व्याख्यानं देत. तिशीतला, गोल चेहऱ्याचा योहान फॉन नॉयमन. आणि ब्रिन मॉर या महिला कॉलेजातून आठवड्याला गाडीनं येऊन शिकवणारी एमी नोएथर. देहयष्टी इतक्या वेगवेगळ्या आणि प्रतिभा एका तोलाच्या, असं दृश्य इतिहासात विरळा.

फॉन नॉयमनना खाण्यापिण्याचा, पार्ट्यांचा मनापासून शौक. सदान्‌कदा थ्री-पीस सूट. ग्रँड कॅन्यनच्या दरीत खेचरावर बसून उतरतानासुद्धा अंगात तोच. त्यांची पत्नी क्लारा म्हणायची, हा सगळं मोजू शकतो, फक्त कॅलरी सोडून. हा किस्सा गणितज्ञ आजही लाडानं सांगतात. त्यांच्या पोटाला कुणी कधी दोष म्हटलं नाही. उमद्या स्वभावाचा तो पुरावाच ठरला.

नोएथरबाईंच्या वाट्याला काय आलं? त्याही स्थूल होत्या, कपड्यांकडे लक्ष नव्हतं. जेवताना गणितावर बोलता बोलता हातवारे इतके की अन्न अंगावर सांडायचं. त्या ते पुसून पुढे बोलत राहायच्या. शिकवायच्या भरात केसांच्या पिना निसटायच्या. त्याआधी जर्मनीत, गटिंगनमध्ये सहकारी त्यांच्या नावाआधी पुरुषवाचक उपपद लावायचे. त्यांना कौतुक वाटायचं ते, आणि थट्टाही. एडमुंड लांडाऊ म्हणाले होते, एमी मोठी गणितज्ञ आहे याची ग्वाही देतो, ती बाई आहे याची शपथ मात्र घेववत नाही.

कुणाबद्दल चाललं होतं हे? एर्लांगेनला जिनं सात-आठ वर्षं बिनपगारी काम केलं, तिच्याबद्दल. गटिंगनला आल्यावर जिची व्याख्यानं काही वर्षं गणितज्ञ हिल्बर्टच्या नावावर जाहीर करावी लागत, तिच्याबद्दल. निसर्गातल्या प्रत्येक सततच्या सममितीमागे एक अक्षय्य राशी असते, हा भौतिकशास्त्राचा पाया ठरलेला सिद्धांत जिनं 1918 मध्ये छापला, तिच्याबद्दल. 1933 मध्ये नाझींनी तिला ज्यू म्हणून काढून टाकलं. 14 एप्रिल 1935 ला शस्त्रक्रियेनंतर ती गेली. बारा दिवसांनी ब्रिन मॉरला शोकसभा झाली आणि हेर्मान वाइल बोलले.

ते भाषण फार सुंदर आहे, हे आधी सांगतो. वाइल तिचे सच्चे मित्र. गटिंगनमध्ये ती आपल्याहून श्रेष्ठ असताना वरची जागा मला मिळाली याची लाज वाटे, हे त्याच भाषणात त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं. आणि त्याच भाषणात तिची जड बांधणी आली, मोठा आवाज आला, आणि सौंदर्याच्या देवता तिच्या पाळण्यापाशी उभ्या राहिल्या नव्हत्या असंही आलं. प्रेमानंच म्हटलं त्यांनी, शंका नाही. पण हिल्बर्टच्या किंवा फॉन नॉयमनच्या शोकसभेत पाळण्याजवळच्या देवतांची चौकशी कोणी केली असती? आइनस्टाइननी त्याच वर्षी मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला तिच्यावर पत्र लिहिलं. त्यात तिचं गणित आहे, तिची निःस्वार्थी वृत्ती आहे, अमेरिकेत लाभलेल्या मैत्रिणी आणि विद्यार्थिनी आहेत. दिसण्याबद्दल अक्षर नाही. श्रद्धांजली कशी लिहावी याचा हा वस्तुपाठ आहे. स्मृतिव्याख्यान देणाऱ्यांनी, म्हणजे मीसुद्धा, तो समोर ठेवावा. रोझालिंड फ्रँकलिनच्या वाट्याला तर तेवढं प्रेमही आलं नाही. ती गेल्यावर दहा वर्षांनी, 1968 मध्ये, जेम्स वॉटसननी आपल्या पुस्तकात तिच्या कपड्यांचा आणि न लावलेल्या लिपस्टिकचा हिशेब मांडला. डीएनएचं तिचं क्ष-किरण छायाचित्र मात्र त्यांनी तिला न विचारता पाहिलं होतं.

त्या फाइन हॉलमधल्या किडकिडीत तरुणाचं पुढे काय झालं, हे सांगायला जड जातं. लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं आपलं हृदय दुबळं झालं आहे, हे गोडेलच्या मनानं घेतलं ते कायमचं. 1951 मध्ये आतड्यातल्या व्रणातून रक्तस्राव होऊन ते मरता मरता वाचले, आणि मग पथ्य आणखी कडक झालं. त्याखाली खरी भीती वेगळीच होती. आपल्याला कोणी विष घालेल. पत्नी आडेल घास चाखून दाखवायची, मगच ते खात. आडेल सहा वर्षांनी मोठी, पूर्वाश्रमीची नर्तकी, शिक्षण बेताचं. प्रिन्स्टनच्या विद्वान मंडळींनी तिला कधी आपलं म्हटलं नाही. पण विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या तर्कशास्त्रज्ञाला चाळीसएक वर्षं जगवलं ते तिनं, चमच्या-चमच्यानं. 1977 मध्ये ती स्वतः आजारी पडून काही महिने रुग्णालयात राहिली. घरात चाखून देणारं कोणी उरलं नाही. 14 जानेवारी 1978 ला गोडेल गेले तेव्हा वजन भरलं 65 पौंड, साडेएकोणतीस किलो. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं आहे ते मनोविकारातून आलेल्या उपासमारीचं. याला विक्षिप्तपणा म्हणून हसणाऱ्यांची मला चीड येते. हा आजार होता.

आइनस्टाइनही एकदा त्या वाटेनं निघाले होते. 1917 मध्ये बर्लिनमध्ये पोटाच्या दुखण्यानं दोन महिन्यांत त्यांचं सुमारे 25 किलो वजन उतरलं. युद्धातला अन्नाचा तुटवडा, एकटं राहणं. मावसबहीण एल्सानं खाऊपिऊ घालून त्यांना उभं केलं. तिच्याशी त्यांनी पुढे लग्न केलं. जीभ काढलेल्या 1951 च्या फोटोतले गमत्ये आजोबा सगळ्यांना पाठ असतात, 1917 चा हा खंगलेला माणूस कुणाला आठवत नाही.

जिवंतपणी पुरेसं मोजून झालं नाही म्हणून की काय, मेल्यावरही विद्वानांना तराजूत घातलं गेलं. 1855 मध्ये गणितज्ञ गाउस गेले, तेव्हा गटिंगनच्या रुडोल्फ वाग्नरनी त्यांचा मेंदू काढून तोलला. 1492 ग्रॅम. थोरांचा मेंदू जड असणारच, या समजुतीवर एकोणिसाव्या शतकानं शेकडो पानं खर्ची घातली. युरोपीय पुरुषाचा जड, बायकांचा हलका, इतर वंशांचा त्याहून हलका, असा सोयीचा हिशेब त्यातून मांडला गेला. गंमत पुढे आहे. 2013 मध्ये गटिंगनमध्येच लक्षात आलं, की गाउसच्या नावाच्या बरणीतला मेंदू गाउसचा नाहीच. तो त्याच वर्षी वारलेल्या फुक्स नावाच्या डॉक्टरचा! बरण्या फार पूर्वीच अदलाबदल झाल्या होत्या आणि दरम्यान ‘गाउसचा मेंदू’ म्हणून अभ्यासही झाला होता. आइनस्टाइनचा मेंदू 1955 मध्ये टॉमस हार्वेनी काढला तो भरला 1230 ग्रॅम, म्हणजे सर्वसाधारण माणसाइतका किंवा किंचित कमीच. तराजूनं स्वतःच खटला निकालात काढला.

इथे आपल्या इरावतीबाई कर्वे येतात, आणि त्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे गेलो तर हे व्याख्यान मराठीत देण्यात अर्थ नाही. 1920 च्या दशकाअखेरीस त्या बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा आधारस्तंभ झाला, तो हाच. गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ, म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजूंत फरक अधिक सापडेल, अशी त्याची अटकळ. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. वंशानुसार तसा फरक दिसत नाही, असं त्यांनी प्रबंधात लिहिलं. परदेशात, मार्गदर्शकाच्या हातात आपली पदवी असताना, तेही बावीस-पंचविशीत! ‘युगान्त’ आपण सगळे वाचतो. त्या प्रबंधाबद्दल शाळेतल्या मुलांना कोणीतरी सांगायला हवं.

एवढी सगळी मापं दुसऱ्यांनी काढलेली. स्वतःचं शरीर स्वतःच काट्यावर ठेवणारेही वैज्ञानिक झाले, आणि मला त्यांच्याविषयी जास्त आदर आहे. पादुआचे सान्तोरिओ हे वैद्य सुमारे तीस वर्षं तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवले आणि स्वतःला तोलत राहिले. खाल्लं किती, बाहेर पडलं किती. आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं तर मलमूत्र भरायचं जेमतेम तीन. उरलेले पाच नकळत त्वचेतून आणि श्वासातून उडून जातात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 1614 सालचं त्यांचं पुस्तक हे चयापचयाच्या मोजमापाचं पहिलं पान. जे. बी. एस. हाल्डेन यांचं नाव तर भारतात ओळखीचं आहे: धिप्पाड, टक्कल पडलेला हा जीवशास्त्रज्ञ दाबाच्या बंद कोठड्यांत स्वतःला कोंडून घेई, अमोनियम क्लोराइड पिऊन स्वतःच्या रक्ताची आम्लता वाढवी. 1957 मध्ये ते कलकत्त्याला महालनोबिसांच्या संस्थेत आले, हो, रामानुजनांची ब्लँकेटं सोडवणारे तेच महालनोबिस, आणि धोतर-कुडता घालू लागले. 1964 मध्ये भुवनेश्वरला गेले तेव्हा इच्छापत्राप्रमाणे त्यांचा देह काकिनाड्याच्या रंगराय मेडिकल कॉलेजला दिला गेला.

आज दवाखान्यात आपलं वजन उंचीच्या वर्गानं भागून जो बीएमआय काढतात, तो एका खगोलशास्त्रज्ञाचा आहे. बेल्जियमचे आडोल्फ केटले. त्यांना 1830 च्या दशकात समाजाचा सरासरी माणूस शोधायचा होता. एकेका माणसाला लठ्ठ की बारीक ठरवण्याचा त्यांचा हेतूच नव्हता. 1972 मध्ये ॲन्सेल कीज यांनी त्या गुणोत्तराला आजचं नाव दिलं आणि मग ते घराघरांत शिरलं.

आणि त्याची मर्यादा जगाला दाखवली ती पुण्याच्या एका डॉक्टरनं, स्वतःचंच शरीर पुढे करून. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. शेजारी शेजारी उभे, दोघंही सडपातळ. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, 22.3. आणि शरीरातली चरबी? युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. दुपटीहून जास्त! यामागे पुण्याजवळच्या खेड्यांतला त्यांचा अनेक वर्षांचा अभ्यास होता. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली 3.5 किलोची. आपलं बाळ काटकुळं दिसतं, पण त्याचे स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं राखलेली. आईच्या पोटात अपुरं पोषण मिळाल्याची ही खूण, आणि पुढच्या मधुमेहाची पूर्वतयारी. बारीक दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो, हे यातून कळलं. हार्डींसारखं शरीर झाकून न ठेवता आणि लांडाऊसारखं दुसऱ्याचं न उणावता, दोन वैज्ञानिकांनी आपली शरीरं पुराव्यात दाखल केली. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत आवडलेला फोटो हा.

तेव्हा समोर बसलेल्यांपैकी ज्यांना लग्नकार्यात ‘अजून कसे अगदी सडपातळ!’ अशी दाद मिळते, त्यांना एक विनंती. घरी टेप असेल, कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 ही धोक्याची रेघ मानतात. ती ओलांडली असेल, किंवा आईवडिलांना मधुमेह असेल, तर काट्यावरच्या आकड्यावर विसंबू नका; या आठवड्यात रक्तातली साखर तपासून घ्या.